लॉट चारशे बारा

दुपारी शुभदा मेथी निवडत बसली होती आणि खालच्या शेडमधून हातोडीचा आवाज येत होता. त्यात नवीन काही नव्हतं. टिटवाळ्याच्या या इमारतीत राहायला येऊन दोन वर्षं झाली, आणि मागच्या अंगाला असलेलं प्रफुल्लचं गॅरेज पहिल्या दिवसापासून ठोकतच होतं. पत्र्याचा आवाज वेगळा, चाकाच्या रिंगचा वेगळा. तिच्या कानांनी ते सगळे केव्हाच बाजूला टाकून दिले होते. पण आताचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत सरळ वर आला आणि तिच्या दाढेत बसला. बारीक, उंच, काचेसारखा. मेथीच्या काडीवर तिचा हात थांबला. पुन्हा तोच. हे साधं लोखंड नव्हे. हे पाणी दिलेलं पोलाद आहे, गिअर आहे, आणि कोणीतरी त्याच्या दातांवर लोखंडी हातोडीने मारतंय. आतल्या खोलीत तिचा नवरा विठ्ठल शांत घोरत होता. शुभदाला वाटलं, आता चौथा घाव पडला तर आपण ओरडू. चौथा पडला. ती ओरडली नाही, पण गाऊनवर ओढणी टाकून, पायात विठ्ठलच्याच चपला सरकवून, लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने खाली निघाली.

"अरे थांब, थांब! दातावर काय मारतोस?"

प्रफुल्ल उकिडवा बसला होता. चाळिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला माणूस. त्याने हातोडी पाठीमागे घेतली. "सॉरी काकू. दोन मिनटं फक्त. बेअरिंग निघत नाय म्हणून जरा..."

"आवाजाचं नाही रे म्हणत मी. पितळेचा तुकडा आहे का? नसेल तर लाकूड तरी मध्ये धर. कपचा उडाला की गेला तो गिअर."

प्रफुल्ल तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या ओढणीला मेथीचं पान चिकटलं होतं. "तुम्हाला काय माहीत यातलं?"

"वागळे इस्टेटला तेवीस वर्षं गिअर तपासले मी," शुभदा म्हणाली, आणि म्हणताना तिलाच नवल वाटलं. हे वाक्य तिने गेल्या पंधरा-सोळा वर्षांत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. कंपनी बंद झाली, हिशेब मिळाला, मुलीचं कॉलेज, मुलीचं लग्न, ठाण्याची खोली विकून इथे येणं; या सगळ्यात ती तेवीस वर्षं अशी मिटून गेली होती की आता बोलताना दुसऱ्याच कोणाचं तरी सांगतोय असं झालं. पण हात पुढे गेलेच होते. तिने तो गिअर उचलला. गार, जड, तेलाने बुळबुळीत. अंगठा आपोआप दाताच्या कुशीत गेला आणि एकेक दात मोजत फिरला.

काम होतं प्रफुल्लच्या वडिलांच्या जीपचं. वडील म्हणजे काळुराम. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांची भेंडी आणि काकडी होत असे. शेत गेलं, पैसे आले, घरात दोन नव्या गाड्या आल्या, आणि जीप शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली सहा वर्षं पडून राहिली. आता काळुरामच्या बायकोने, सगुणाबाईने, हट्ट धरला होता की मुरबाडकडच्या माहेरी जाईन तर आपल्या जीपमधूनच. नव्या गाडीत काचा बंद करून बसलं की तिला उलट्या होत. इंजिन चालू झालं होतं. गिअरबॉक्स मात्र दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडे आणि बेअरिंग खरडत होतं. बाजारात नवे म्हणून मिळणारे भाग प्रफुल्लला भरवशाचे वाटेनात, म्हणून त्याने शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून तसलेच दोन जुने गिअरबॉक्स आणले होते. घरचा एक आणि हे दोन. तिन्ही खोलायचे, चांगलं तेवढं निवडायचं आणि त्यातून एक बांधायचा. "पण निवडायचं कसं तेच कळत नाय काकू. सगळंच सारखं दिसतं."

"सारखं कसं दिसेल?" शुभदा म्हणाली. "तेल फेकलंस का?"

नव्हतं फेकलं. तिने डब्यात बोट बुडवलं, दोन बोटांत तेल चोळलं आणि उन्हात धरलं. पिवळी चमक. "बघ. सोन्यासारखं दिसतंय ना? आतल्या पितळेच्या रिंगा झिजल्यात. पांढरी चमक असती तर दात गेले म्हणायचं. धुण्याआधी तेल बघायचं असतं. धुतलंस की पुरावा गेला."

दुसऱ्या दिवसापासून विठ्ठलचा दुपारचा चहा चुकू लागला. तो खिडकीतून खाली बघून म्हणे, "नोकरी लागली वाटतं!" आणि शुभदा खालून हात हलवी. तिने शेडमध्ये एका टेबलावर जुन्या चादरीचे तीन तुकडे अंथरले होते. एक 'चालेल'चा, एक 'भंगार'चा आणि मधला 'बघू'चा. प्रफुल्लला मधल्याचं हसू येई. "बघू म्हणजे काय काकू? आमच्यात बघू म्हटलं की नाय समजायचं." पण तिला तो मधला तुकडाच जास्त आवडे. पितळेची रिंग गिअरच्या निमुळत्या गळ्यावर, म्हणजे कोनावर, दाबून फटीत बारीक पट्टी सरकवायची. पट्टी गेली तर रिंगेत अजून जीव आहे, नाही गेली तर संपली. बेअरिंग कानाशी धरून हळू फिरवायचं, त्यात वाळूसारखं काही बोलतंय का ऐकायचं. दुसऱ्या गिअरच्या कडेचे छोटे दात बघायचे, टोकदार आहेत की गोळीसारखे चघळले गेलेत. घरच्या बॉक्सचे चघळलेलेच निघाले. म्हणून तर गिअर बाहेर पडत होता. हे कळलं त्या क्षणी तिला एवढा आनंद झाला की तिने प्रफुल्लच्या पाठीवर तेलकट हाताने थाप मारली, आणि मग दोघंही त्या काळ्या पंजाकडे बघून हसत सुटले.

हात धुताना, नखांतलं काळं जाता जात नसताना, तिला तपासणीची ती खोली आठवे. उत्तरेकडची मोठी खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. सहा टेबलं, सहा बायका, टेबलांवर हिरवं बनातीचं कापड. बाहेर मशीनशॉपमध्ये माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि दार लोटलं की आत देवघरासारखी शांतता. बाविसाव्या वर्षी ती तिथे लागली तेव्हा तिला वाटलं होतं की हे सहा महिने करू, मग काही बरं मिळेल. पण दुसऱ्याच आठवड्यात एक गिअर हातात आला, दिसायला उत्तम, आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी खटकलं. मोजला तर एका दाताची जाडी चुकलेली. इतकी कमी की डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे अंगठ्याला दिसलं होतं! त्या दिवशी ती टेंभी नाक्यापर्यंत चालत घरी आली, बस न पकडता, हाताकडे बघत. आपल्या हातात असं काही आहे हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

चौथ्या दिवशी दोन्ही भंगाराचे बॉक्स संपले आणि काळुरामच्या स्वतःच्या जीपच्या बॉक्सचा उरलेला भाग टेबलावर आला. तिसऱ्याचा गिअर तिने रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासला, फडक्याने पुसला आणि उजेडात धरला. बाजूच्या सपाट भागावर ओरखडा होता. तिला आधी ओरखडाच वाटला. मग तो इंग्रजी सतरा झाला, तिचा कंपनीतला तपासणी नंबर. साताच्या पोटात आडवी रेघ. ती रेघ सहाजणींत एकटी तीच मारायची, एक आणि सात यांचा घोळ नको म्हणून. विजेच्या पेन्सिलीने कोरलेलं तिचं स्वतःचं अक्षर. खाली लॉट नंबर होता. चारशे बारा.

शुभदा खुर्चीवर बसली. प्रफुल्ल पुढच्या बाजूला कोणा स्कूटरवाल्याशी बोलणी करत होता. तिने गिअर मांडीवर घेतला, गाऊनला तेल लागलं ते तिला कळलंही नाही. तेवीस वर्षांत तिच्या हाताखालून किती गिअर गेले असतील, लाखांनी. त्यांतल्या एकाही लॉटचा नंबर तिला आज सांगता आला नसता. चारशे बारा सोडून. सत्त्याण्णवचा जानेवारी. मुलगी संचिता चार वर्षांची, बालवर्गात, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला भाजीबाजाराच्या नाचात वांगं केलेलं. कार्यक्रम चार वाजता. शुभदाने आठवडाभर आधी सुट्टी सांगून ठेवली होती आणि ऐन वेळी साहेब म्हणाले की जीपचे एवढे चाळीस नग करून जा, गाडी फाटकात उभी आहे. चाळीस नगांना निदान दोन तास. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. तिने पहिला उचलला, पुसला आणि न मोजता त्यावर नंबर कोरला. मग दुसरा. हात थरथरत नव्हता, हेच तिला नंतर वर्षानुवर्षं टोचत राहिलं. वीस मिनिटांत चाळीस नग पास झाले, आणि ती रिक्षा करून, तशाच काळ्या हातांनी, शाळेच्या हॉलमध्ये शिरली तेव्हा वांगं स्टेजवर होतं.

कोणी पकडलं नाही. तक्रार आली नाही. पण त्यानंतर कोपरीच्या पुलावर एखादी जीप बंद पडलेली दिसली की ती मान वळवून बघे. माळशेज घाटात गाडी कोसळल्याची बातमी असली की शेवटपर्यंत वाचे, कोणती गाडी ते कळेपर्यंत. विठ्ठललासुद्धा तिने हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? मुलीचा नाच बघायला गेले, एवढंच. आणि आता त्या चाळिसातला एक अठ्ठावीस वर्षं फिरून तिच्या मांडीवर येऊन बसला होता. तिने तो उलटा केला, नंबर खाली जाईल असा 'भंगार'च्या चादरीवर ठेवला, त्यावर आणखी दोन झिजके गिअर ठेवले आणि प्रफुल्लला "आज जरा लवकर जाते" म्हणून वर निघून गेली. दुसऱ्या बॉक्समधला तिसरा गिअर चांगला होताच. कोणी विचारणारही नव्हतं.

संध्याकाळी डोंबिवलीहून संचिताचा फोन आला. रोजचंच बोलणं, आणि मध्येच शुभदाने विचारलं, "तुला तुझा वांग्याचा नाच आठवतो का गं?"

"म्हणजे काय! मी स्टेप विसरलेले ना? सगळ्या भाज्या उजवीकडे गेल्या आणि मी मध्येच उभी."

"का विसरलीस पण?"

"अगं, तू आलीस म्हणून. दारात दिसलीस आणि मी तुला टाटा करत बसले. बाईंनी खेचून नेलं मला. बाकी त्या शाळेतलं काही आठवत नाही बघ, पण तू दारात आलेलीस ते आठवतं. हात मागे लपवले होतेस. का गं?"

"काळे होते," शुभदा म्हणाली. आणि मग, फोन ठेवल्यावर, भाजी परतताना तिला एकदम हसू आलं. एवढंसं जांभळं वांगं, डोक्यावर कागदी देठ, आणि सगळा बाजार सोडून टाटा करतंय. किती वर्षं त्या दुपारची फक्त वीस मिनिटंच तिने आठवली होती. रिक्षातली नाही, हॉलमधली नाही, टेबलावरचीच. तिला वाटलं, जे काय आहे ते मोजून तरी बघू. तेव्हा मोजलं नव्हतं. आता दोन तास आहेत, दोन दिवस आहेत, गाडी कुठे फाटकात उभी नाही.

सकाळी ती खाली गेली तेव्हा काळुराम शेडमध्ये जुन्या टायरवर बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटक, पांढरा सदरा. रोज सकाळी येऊन न बोलता बघत बसायचा. शुभदाने 'भंगार'च्या ढिगातून गिअर काढला. प्रफुल्ल म्हणाला, "काकू, तो तर तुम्हीच टाकला ना?"

"न बघता टाकला," ती म्हणाली. "तसं करायचं नसतं."

आधी चीर. गिअर रॉकेलमध्ये चांगला मुरवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि ओली रेघ उमटते. तिघंही वाकून बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गिअर पांढराशुभ्र राहिला. एकाही दातावर खड्डा नव्हता, टोक तुटलेलं नव्हतं. मग तिने तो त्याच्या दांड्यावर चढवला, दांडा दोन ठोकळ्यांवर ठेवला, दातांच्या खाचेत बारीक पिन ठेवून वर मापाचा डायल टेकवला आणि एकेक खाच फिरवत आकडे कागदावर लिहू लागली. आकडे वर चढत गेले आणि अर्ध्या फेरीनंतर पुन्हा उतरत आले. नीट, हळू, एखाद्या टेकडीसारखे. म्हणजे गिअर मध्यापासून किंचित सरकलेला होता. पन्नास मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाची मर्यादा, हा सत्तर. झिजेचा ढिलेपणा तिने वजा केलेला होताच. तिने पुन्हा मोजलं. सत्तर.

"काय झाला, बाय?" काळुरामने पहिल्यांदाच विचारलं.

शुभदाने पिन खाली ठेवली. "दादा, हा गिअर नापास आहे. झिजून नाही, मुळातच. आणि तो पास मी केला होता." तिने बोट टेकवून सतरा दाखवला. मग चाळीस नग, तीन वाजून दहा मिनिटं, वांगं, सगळं सांगितलं. सांगायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. प्रफुल्ल एकदा वडिलांकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. "तुमच्या गाडीत तो सत्त्याण्णवपासून आहे. काही झालं असतं तर..."

काळुराम उठला. गिअरजवळ येऊन त्याने डोळे बारीक केले. "यो तिसऱ्याचा ना?"

"हो."

"म्हंजे तं आवाज..."

"हो. यानेच येणार. तिसऱ्यात घातली की ऊंऽऽ असं काहीतरी येत असणार. तो माझ्यामुळे."

काळुरामने तिच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि मग तो हसायला लागला. तोंडात चारच दात, आणि तो मोकळा, खांदे हलवत हसत राहिला; त्याला हसताना शुभदाने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "आरं पफ्या, आयकला का? आपली गारी गायाची ती हिच्यामुलं!"

"काकू, खरंच?" प्रफुल्लचा चेहराच बदलला. "अहो, आमची जीप तिसऱ्याला गायची. पूर्ण गावाला माहितीये. बाबा कल्याणच्या मार्केटला भेंडी टाकून यायचे ना, नदीच्या पुलावर चढ लागला की तिसरा. तो आवाज घरापर्यंत यायचा. आवाज आला की आई भात चुलीवर ठेवायची. मी आणि ताई पळत रस्त्यावर."

"कल्यानचा मिस्त्री बोलला, बदलून टाक," काळुराम म्हणाला. "सगुना नाय बोलली. बोलली, गारी मुकी झाली तं मना कसा कललं, तू आलास का नाय?"

शुभदाने त्या सतरावरून अंगठा फिरवला. ती माळशेजच्या बातम्या शेवटपर्यंत वाचत होती, त्या संध्याकाळी इथे एक बाई कान देऊन बसलेली, आणि तिच्या चुकीचा आवाज पुलावरून येतोय, आणि तांदूळ धुतले जातायत. इतकी वर्षं. शेकडो संध्याकाळी, हजारो. बाकीचे एकोणचाळीस कुठे असतील ते तिला माहीत नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. ते ओझं पूर्ण उतरलं असं नाही. पण त्याला आता एक आवाज होता, एक पूल होता. तिच्या छातीत काहीतरी मोठं, हलकं वर येत होतं आणि ते रडू आहे की हसू हे ठरायच्या आत ती हसली.

"मग आता?" प्रफुल्लने दोन्ही तिसरे गिअर शेजारी ठेवले. भंगारातला तीस मायक्रॉनचा, आणि हा. "कोणता बसवू? तुम्ही सांगाल तो."

दोघंही तिच्याकडे बघत होते. तिने घाई केली नाही. भंगारातला गिअर पुन्हा मोजला. तो चांगलाच होता, शांत चालला असता. या गिअरचा खालचा जोडीदार तपासला. इतकी वर्षं एकमेकांवर घासून दोघांचे दात एकमेकांना बसले होते. जोडी मोडायचं कारण नव्हतं. ताकदीत कुठे उणा नाही. धोका नाही. आवाज मात्र आहे आणि राहील. तिने कागदावर सगळे आकडे लिहिले, खाली तारीख घातली, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. मग म्हणाली, "हा नापास आहे. आणि हाच बसवा."

बॉक्स बांधायला पाच दिवस लागले. रविवारी सकाळी जीप शेडबाहेर निघाली. सगुणाबाई मागे बसली होती, नऊवारी, केसांत अबोली, मांडीवर माहेरी न्यायची पिशवी. प्रफुल्ल तिच्या शेजारी. विठ्ठल खिडकीतून बघत होता आणि शुभदाने त्याला हात केला. काळुरामने स्टिअरिंग कोणालाच दिलं नाही. शुभदाला त्याने पुढे आपल्या शेजारी बसवलं. मला नाक्यावर सोडा म्हणून ती म्हणत होती, पण कोणी ऐकलं नाही. रस्त्याला लागल्यावर काळुरामने दुसरा टाकला. गिअर आत गेला आणि आतच राहिला. प्रफुल्लने मागून टाळी वाजवली.

पूल समोर आला तसा काळुराम म्हणाला, "बाय, हात ठेव इथं. तू घाल तिसरा."

"मी? छे, मला नाही येत."

"येवरी वर्सं गिअर बनवलंस आणि येत नाय?"

"बनवले नाहीत, तपासले. गाडी मी कधी चालवलीच नाही हो दादा. गिअर कधी टाकलाच नाही."

हे खरंच होतं आणि ते तिच्या आत्ता, या क्षणी लक्षात आलं. लाखो गिअर अंगठ्याखालून गेले; टाकला एकही नव्हता. मागून सगुणाबाईने तिच्या खांद्यावर बोटं ठेवली. "घाल गो, घाबरतं काय. तो पाय दाबून बसलाय."

शुभदाने दांड्याच्या गोळ्यावर हात ठेवला. तो हातात थरथरत होता, उबदार, जिवंत. "मधी आन. आता जरा माझ्या बाजूला, आनि वर," काळुराम म्हणाला. तिने मध्ये आणला. क्षणभर काहीच नव्हतं, नुसती मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत पितळेची रिंग कोनाला भेटली, वेग सारखा झाला, बारीक दात एकमेकांत शिरले. हे सगळं तिला तळहातात दिसलं, जसंच्या तसं, एकामागून एक. दांडा घरात गेला. काळुरामने क्लचवरचा पाय सोडला, जीप चढाला लागली आणि खालून तो आवाज उठला. सगुणाबाईने मागे "आली गो माझी बाय" म्हटलं, ते गाडीला की शुभदाला ते कोणालाच कळलं नाही. नदीवरचा वारा आत आला. ओढणी उडाली, ती तिने सावरली नाही.

पूल संपला, पुढे सपाट रस्ता लागला.

"हात काढ आता," काळुराम ओरडून म्हणाला, "चौथा घालाचाय."

"थांबा हो जरा," शुभदा म्हणाली. तिने मूठ आणखी घट्ट केली. "एवढी काय घाई आहे?"